साडूभाऊंनी धरलेली जागा

आमच्या साडूभाऊंनी आयुष्यात जितक्या जागा धरल्या, तितक्या कुठल्या पुढाऱ्याने किंवा बिल्डरनेही धरल्या नसतील. फरक इतकाच, की त्यातली एकही त्यांनी स्वतःसाठी धरली नाही. एसटीतली बाकं, लग्नाच्या पंगतीतली पानं, दवाखान्यातल्या खुर्च्या, शाळेच्या गॅदरिंगमधली पुढची रांग, विहारातल्या सतरंजीचा पंख्याखालचा कोपरा, एवढंच काय, दिवाळीच्या आदल्या दिवशी न्हाव्याच्या दुकानातली आरशासमोरची खुर्चीसुद्धा, या सगळ्यांवर कधी ना कधी साडूभाऊंचा रुमाल पडलेला आहे. आणि एकदा तो पडला, की त्यांच्या लेखी विषय संपला. मग तिथे प्रत्यक्ष जिल्हाधिकारी येऊन उभे राहिले तरी साडूभाऊ त्यांना नम्रपणे सांगत, "साहेब, रुमाल हाय."

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे येवल्याचे. सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करून निवृत्त झाले. मी सरकारी कचेरीतला कारकून. दोघांची घरं नाशिकात एकाच कॉलनीत, मध्ये विहार आणि एक पिठाची गिरणी. त्यांच्याकडे दोन जातींचे रुमाल असत. एक नाकाचा, तो साधा. दुसरा जागेचा, तो पांढरा, लाल काठाचा, मोठा थोरला आणि कडक खळीचा. दोन्ही एका खिशात ठेवणं त्यांना पाप वाटे. जागेच्या रुमालाच्या एका टोकाला गाठ असे आणि गाठीत जुन्या कुलपाची एखादी किल्ली बांधलेली, म्हणजे लांबून फेकला तरी वाऱ्यावर भरकटत नाही. ही त्यांनी स्वतः लावलेली युक्ती. येवला स्टँडवर गाडी वळण घेत असतानाच ते धावत्या गाडीच्या खिडकीतून रुमाल असा सोडत, की तो नेमका हव्या त्या बाकावर जाऊन पसरे. गाडी थांबेपर्यंत बाकीचे लोक दाराशी एकमेकांच्या बरगड्या मोजत असत आणि साडूभाऊ शांतपणे तोंडात बडीशेप टाकत.

आमची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मांडवात ही गर्दी. विधी आटोपून आम्ही जेवायला गेलो तर पंगत भरलेली. मी नवरदेव, हार घातलेला, आणि बसायला पान नाही. तेवढ्यात एक बुटका, पैलवानी बांध्याचा माणूस हात हलवताना दिसला. त्याच्या शेजारच्या पानावर लाल काठाचा रुमाल. मी बसलो. म्हटलं, नवरदेवासाठी कोणी जागा धरतं का? तर म्हणाले, "नवरदेव असला म्हणून काय झालं. गर्दीत कोण बघतंय." त्या दिवसापासून मी आयुष्यात कुठे उभा राहिलो नाही. हे वाक्य मी गंमत म्हणून लिहीत नाही. पुढे काय झालं ते कळायचं असेल तर ते लक्षात ठेवावं लागेल.

त्यांचा नेम चुकल्याचं मला एकदाच आठवतं. सासुरवाडीहून आम्ही दोन्ही कुटुंबं परत येत होतो. येवला स्टँडवर नाशिकची गाडी लागली. साडूभाऊंनी रुमाल सोडला, तो एका खिडकीतून आत गेला, पलीकडच्या खिडकीतून बाहेर पडला आणि शेजारी उभ्या असलेल्या मनमाडच्या गाडीत जाऊन एका बाकावर व्यवस्थित पसरला. आम्हाला वाटलं, आता जाऊन उचलून आणतील. पण साडूभाऊ आम्हा सगळ्यांना घेऊन मनमाडच्या गाडीत चढले. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, आपल्याला नाशिकला जायचंय." त्यावर ते म्हणाले, "जायचंच हाय. पन जागा हितं धरलीय ना." आम्ही बसून मनमाडला गेलो आणि तिथून चांदवडवरून, पुन्हा त्यांनी धरलेल्या जागांवर बसून, दिवेलागणीला नाशिकला पोचलो. वाटेत मेहुणीने त्यांना जे ऐकवायचं ते ऐकवलं. त्यांनी तिला खिडकीकडची जागा दिली होती, त्यामुळे त्यातलं बरंचसं वाऱ्यावर गेलं.

पण त्यांची खरी कला ओळखीच्यांसाठी जागा धरण्यात नव्हती. ते न आलेल्या माणसांसाठी जागा धरत. येवल्याहून निघालं की शेजारच्या बाकावर रुमाल टाकून बसायचे आणि विंचूरपर्यंत अर्ध्या गाडीशी त्या जागेवरून वाद घालायचे. एकदा एक कॉलेजचा तरुण फारच चिडला.

"कोण येणारे इथे?"

"विंचूरला येनारे."

"नाव काय त्यांचं?"

"चढल्यावर विचारू."

गाडी हसली. पोरगा धुसफुसत उभा राहिला. विंचूर आलं, कांद्याच्या बाजाराचा दिवस होता, आणि डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी धापा टाकत चढली. साडूभाऊंनी रुमाल उचलला, झटकला, घडी घातली आणि तिला बसवून खरोखरच नाव विचारलं. मग त्या पोराकडे वळून म्हणाले, "सखुबाई." तेवढंच. विंचूरला कोणी ना कोणी थकलेलं माणूस चढतंच, असा त्यांचा साधा हिशेब होता, आणि तो फारसा चुकत नसे.

मी एकदा विचारलं होतं, हे वेड कुठून लागलं? आम्ही त्यांच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. ते म्हणाले, "आमचा बाप येवल्याहून नाशिकला उभा जायचा. जागा असली तरी उभाच. कोनी शेजारून उठून गेलं तर, म्हणून आधीच बसायचा नाय." मग त्यांनी मूठभर शेंगा माझ्याकडे सरकवल्या आणि त्या वर्षी शेंगा कशा पोचट निघाल्यात यावर बराच वेळ बोलले. मीही शेंगांवरच बोललो. त्यांच्या बापाला मी पाहिलं नव्हतं, पण माझा बापही त्याच गाड्यांतून गेला होता.

आता त्या विमानाकडे येतो. तुमच्यापैकी काहींनी तो व्हिडिओ पाहिला असेल. काही वर्षांपूर्वी सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. विमानातल्या मधल्या वाटेत उभा असलेला एक बुटका म्हातारा, हातात रुमाल, आणि एक आवाज दरडावतो, "जागा दिल्याशिवाय हे विमान कसं सुटतं तेच बघतो मी!" खाली लोकांनी लिहिलेलं होतं, अशांना कायमचं बंद करा, वयाचा तरी मान ठेवा, हे लोक एसटीच्याच लायकीचे. दुसऱ्या बाजूनेही लिहिलेलं होतं, की एका म्हाताऱ्याला इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी विमानातून उतरवणं हा अतिरेक आहे. दोन्ही बाजूंनी हिरीरीने भांडणाऱ्यांपैकी कोणालाच खरं काय घडलं ते माहीत नव्हतं. ते दोघांना माहीत होतं. एक साडूभाऊ आणि दुसरा मी.

साडूभाऊंची मुलगी मनीषा बंगळुरूला असते. तिला मुलगी झाली. बाळंतपणासाठी तिची आई आणि मदतीला माझी बायको, दोघी बहिणी आधीच गेल्या होत्या. नाशिकात राहिलो आम्ही दोघे. त्या दिवसांत आम्ही एकमेकांकडे आळीपाळीने जेवत होतो. म्हणजे ते पिठलं करत आणि मी तारीफ करत असे. घरात दोनच माणसं, खुर्च्या चार, तरी साडूभाऊ माझ्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवत. नातीच्या नामकरणाला आम्ही दोघांनी जायचं ठरलं आणि जावयाने विमानाची तिकिटं काढून पाठवली. दोघांचाही पहिला विमानप्रवास. साडूभाऊंनी नातीसाठी चांदीचे वाळे केले, स्वतः उभं राहून डिंकाचे लाडू करून घेतले आणि स्टीलच्या डब्यात भरले. त्या नातीचा फोटो ते पिठाच्या गिरणीवाल्यालासुद्धा दाखवून आले होते. पहिली मुलगी, पहिली नात. त्या माणसाने जगातल्या कुठल्याही समारंभासाठी एवढी तयारी केली नव्हती.

मला मात्र विमानाची धास्ती होती. बंद डब्यात बसायचं या विचाराने झोप लागेना. शेवटी मीच त्यांना म्हणालो, "साडूभाऊ, आपल्या जागा लांब लांब आल्यात. मला खिडकी मिळाली असती तर बरं झालं असतं. बाहेर बघितलं की जीव घाबरत नाही." हे मी म्हणालो. त्यांनी सुचवलं नाही. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू इतकी वर्षं ते याच कामगिरीची वाट बघत होते. म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. विमान तेवढं राहिलं होतं."

विमानतळावर तपासणीत त्यांच्या रुमालाची गाठ यंत्रात दिसली. गणवेशातल्या जवानाने ती सोडायला लावली. किल्ली बघून विचारलं, हे काय? साडूभाऊंनी त्याला तिथेच, मागे रांग खोळंबलेली असताना, रुमाल फेकण्याची सगळी विद्या समजावून सांगितली. जवान साताऱ्याकडचा निघाला. तो हसला, म्हणाला, आमचे आजोबा टोपी टाकायचे. त्याने रुमाल आणि किल्ली परत दिली. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढच्या गोष्टीत गणवेशातली सगळीच माणसं दगडाची होती असं कोणाला वाटू नये.

विमानात साडूभाऊ सगळ्यांच्या आधी चढले. त्यांची जागा मधली होती, पंखाजवळ. त्यांच्या शेजारची खिडकी रिकामी दिसली, तिच्यावर त्यांनी रुमाल पसरला. माझी जागा पार शेवटी. मी वाटेत, पाचसहा माणसांच्या मागे, बॅग छातीशी धरून उभा. तिकिटावर जागेचा क्रमांक असतो हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण एसटीतही बाकांवर क्रमांक रंगवलेले असतात, त्यावरून आजवर कोण बसलंय? तेवढ्यात त्या खिडकीचं तिकीट असलेला तरुण आला. त्याची काहीच चूक नव्हती. त्याने सांगितलं, ही माझी जागा. साडूभाऊ म्हणाले, रुमाल हाय. त्याला काही कळलं नाही. त्याने तो रुमाल दोन बोटांनी उचलला आणि खाली टाकला.

साडूभाऊ वाकले. रुमाल उचलला, झटकला आणि पुन्हा त्याच जागी पसरला. आवाज चढवला नाही. व्हिडिओत त्यांचा चेहरा नीट बघितला तर दिसेल, ते रागावलेले नाहीत, गोंधळलेले आहेत. आयुष्यात कोणी त्यांचा रुमाल खाली टाकला नव्हता. गाडीत लोक वाद घालत, शिव्या देत, पण रुमालाला हात लावत नसत. हवाई सुंदरी आली, तिने हिंदीत समजावलं, "अंकल, ये सीट इनकी है, आप रुमाल हटाइए." साडूभाऊ म्हणाले, "ताई, आमचे साडू येतायत मागून. त्यांचा जीव घाबरतो." वाट अडली होती. मागचे लोक कुरकुरत होते. कोणीतरी म्हणालं, कुठून कुठून येतात. कोणीतरी फोन वर धरला. तो खाली पडलेला रुमाल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी आयुष्यात कधी जागेसाठी भांडलो नव्हतो. माझं भांडण नेहमी साडूभाऊ भांडत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या घशातून तो आवाज निघाला. येवला स्टँडवर कंडक्टरला रोज कोणी ना कोणी ऐकवतं आणि कंडक्टर त्यावर हसून तिकीट फाडतो, ते वाक्य मी विमानात ओरडलो. गाडीऐवजी विमान म्हणालो, एवढाच बदल.

हवाई सुंदरीला मराठी किती कळत होतं कोण जाणे, पण माझा आवाज आणि विमान हा शब्द, एवढं पुरेसं होतं. तिची वरिष्ठ पुढून आली. तिने विचारलं, "किसने बोला ये?" काही माना मागे वळल्या. मीही मागे वळून बघितलं, जणू माझ्याही पाठीमागून कोणीतरी बोललं होतं.

मी पुन्हा पुढे पाहिलं तेव्हा साडूभाऊ माझ्याकडे बघत होते. फार वेळ नाही. मग ते तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "मीच बोललो, बाई."

त्यानंतर सगळं नियमाप्रमाणे झालं. गोष्ट कप्तानापर्यंत गेली, आणि तिथे गेलेला शब्द परत घेता येत नाही असं दिसलं. तो तरुण बिचारा म्हणत होता, जाऊ द्या, अंकलना बसू द्या, मी दुसरीकडे बसतो. कोणी ऐकलं नाही. खालून जवान आले, त्यांत तो साताऱ्याचाही होता. साडूभाऊंनी वाद घातला नाही. बॅग खांद्याला लावली, वरच्या कप्प्याकडे बोट दाखवलं आणि लोकांमधून मला म्हणाले, "डबा वर हाय. वाळे डब्यातच हायत. तेवढं पोचवा." आणि माझ्याजवळून जाताना हळूच, "जागा हाय तुमची. बसा."

एका जवानाने मला विचारलं, आप इनके साथ हैं? मी म्हणालो, ओळखीचे आहेत. साडू म्हणालो नाही. ओळखीचे.

मला घाईघाईने त्याच रांगेत बसवलं, खिडकीशी. त्या तरुणाला पुढे कुठेतरी जागा दिली होती. साडूभाऊंचा रुमाल तसाच पसरलेला होता. मी त्यावर बसलो. बाहेर बघितलं. साडूभाऊ दोन जवानांमधून विमानतळाच्या इमारतीकडे चालत निघाले होते आणि एक हात उंचावून, मनगट वळवून, त्यांना काहीतरी दाखवत होते. रुमाल कसा सोडायचा तेच असणार. साताऱ्याचा जवान खाली मान घालून चालत होता. मी दिसेनासे होईपर्यंत बघत राहिलो. साडूभाऊंनी मला खिडकी मिळवून दिली होती ती यासाठी नव्हती.

बंगळुरूला दारातच मेहुणीने विचारलं, हे कुठेत? विमानात दोन तास मी ठरवत आलो होतो, की खरं सांगायचं. तिथे मनीषाचे सासू-सासरे उभे होते, शेजारी होते, ताटात फुलं होती. मी म्हणालो, जागेवरून वाद झाला, ते जरा जास्त बोलले. काय बोलले, असं मनीषाने विचारलं आणि मी ते वाक्य सांगितलं. माझं वाक्य, त्यांच्या नावावर. दुसऱ्या दिवशी वंदना झाली, नाव ठेवलं गेलं, आणि नाव ठेवता ठेवता पाहुण्यांच्या फोनवर तो व्हिडिओ फिरू लागला. मनीषाच्या सासऱ्यांनी तो बघून फोन उलटा ठेवला. माझ्या बायकोने तो एकदाच बघितला. एकदाच ऐकला, असं म्हणायला हवं. चाळीस वर्षं माझा आवाज ऐकणारी बाई ती. तिने फोन परत दिला, माझ्याकडे न बघता आत गेली, आणि त्या विषयावर आजपर्यंत एक अक्षर बोललेली नाही.

संध्याकाळी मनीषाने वडिलांना फोन लावला. मी शेजारच्या खोलीत होतो. ती म्हणाली, "पप्पा, नामकरणाला येताना तरी. माझ्या सासरच्यांसमोर." पलीकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण ती रडत रडत म्हणाली, "चुकलं, एवढं म्हणायला काय जातं?" त्या विमान कंपनीने त्यांना काही महिने बंदी घातली. मनीषाने घातलेली बंदी त्याहून लांबली. ती सणावाराला आईशी बोले, वडिलांची चौकशी करे, पण या म्हणाली नाही. नात रांगली, चालली, शाळेत गेली, सगळं साडूभाऊंनी मेहुणीच्या फोनवर पाहिलं.

आणि मी काय करत होतो? मी विहारासमोरच्या कट्ट्यावर बसून विमान कंपन्यांच्या अतिरेकावर भाषणं करत होतो. म्हणत होतो, आकाशात भांडण परवडत नाही हे मान्य, पण दार उघडं आहे, चाकं जमिनीवर आहेत, समोर सत्तरीचा माणूस आहे, तर खाली बसून दोन शब्द विचारायला काय जातं? यांना सगळेच गुंड दिसतात. लोक माना डोलवत. मी अजूनही म्हणतो, की त्यांनी घाई केली, रुमालाला आणि धाकाला एकच माप लावलं. पण त्यांनी एक गोष्ट केली होती. त्यांनी विचारलं होतं, कोण बोललं? तेव्हा उत्तर द्यायचं माझ्याकडे होतं. त्यांचा अतिरेक अर्ध्या तासाचा होता. माझं गप्प बसणं त्या नातीचं अर्धं बालपण खाऊन गेलं. कट्ट्यावर हे सगळं चालू असताना साडूभाऊ शेजारीच बसलेले असत, माझ्यासाठी धरलेल्या जागेच्या पलीकडे. एकदाही त्यांनी मला अडवलं नाही. फक्त मी फार रंगात आलो, की ते उठून पाणी प्यायला जात.

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर पलंगाशेजारच्या स्टुलावर रुमाल होता, डाव्या हाताने टाकलेला, वाकडातिकडा. मी बसायला गेलो तर म्हणाले, "तिथं नको. मनी येईल." मी उभा राहिलो. मनी आली नाही. जावई येऊन गेले, स्टुलावर बसले, फळं ठेवली, गेले. साडूभाऊंनी रुमाल पुन्हा पसरला. घरी सोडेपर्यंत तो तिथेच होता. पंगतीपासून तिथवर त्यांनी धरलेली एकही जागा रिकामी राहिलेली मी पाहिली नव्हती.

घरी येऊन मी मनीषाला फोन केला. तिला म्हणालो, त्या व्हिडिओतला आवाज पुन्हा ऐक, नीट ऐक, तो तुझ्या वडिलांचा नाही. तिने फोन न ठेवताच तो व्हिडिओ लावला, पलीकडून माझाच आवाज मला ऐकू आला. मग म्हणाली, "काका, तुमचा आहे." मी हो म्हणालो. तिने विचारलं, "मग पप्पा का नाही बोलले?" ती म्हणाली, "ठेवते, काका," आणि फोन ठेवला.

तिने विचारलेलं मी साडूभाऊंना विचारलं. त्यांच्या ओट्यावर, शेंगा फोडताना. आता त्यांच्या शेंगा मी फोडतो. ते जरा वेळ चघळत राहिले. म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदाच भांडत होतात. मला बरं वाटलं." मग म्हणाले, "नाव ठेवताना पोरगी रडली का हो?" इतक्या वर्षांत त्यांनी त्या समारंभाबद्दल मला एक प्रश्न विचारला नव्हता. मी सगळं सांगितलं. कोणी मांडीवर घेतलं, वाळे कोणी घातले, लाडू कोणाला आवडले. पोरगी रडली नव्हती, वाळे तोंडात घालायला बघत होती. ते ऐकत राहिले, आणि मी संपवल्यावर म्हणाले, पुन्हा सांगा.

या पौर्णिमेला विहारात कार्यक्रम होता. मनीषा मुलीला घेऊन आली. न कळवता आली. मी उशिरा पोचलो. मुद्दामच उशीर केला होता. खिशात तो विमानातला लाल काठाचा रुमाल होता. इतकी वर्षं माझ्या कपाटात पडून होता, तो परत द्यायचा होता. सभागृह गच्च भरलेलं. पुढच्या रांगेत साडूभाऊ, त्यांच्या उजवीकडे मनीषा, तिच्या मांडीवर मुलगी. ती मुलगी आजोबांच्या दुसऱ्या एका रुमालाची किल्ली बांधलेली गाठ सोडवायच्या खटपटीत होती. मनीषाने वळून मला पाहिलं आणि नजर फिरवली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. साडूभाऊंच्या डावीकडची, खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर रुमाल होता.

मी दारातच थांबलो. जागा होती, तरी उभा राहिलो.

एक तरुण घाईने आला आणि त्या खुर्चीकडे वाकला. साडूभाऊंनी डावा हात पुढे केला.

"कोण येणारे?" त्याने विचारलं.

"आलेत. दारात उभेत."

"मग बसत का नाहीत?"

"बसतील," साडूभाऊ म्हणाले. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

वंदना सुरू झाली. सगळे हात जोडून होते. साडूभाऊंचा एक हात जोडायला उरला नव्हता, दुसरा त्या खुर्चीच्या पाठीवर होता. मी चपला काढल्या आणि आत गेलो.